टेबलावरचे तीन तास

त्या संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर एकाच आडनावाच्या दोघी कामाला होत्या, आणि त्या सख्ख्या जावा होत्या. घोटाळा नको म्हणून लोकांनी आपली सोय करून घेतली होती. धाकटी ती ‘डॉक्टर मॅडम’ आणि थोरली ती ‘मशीनवाल्या बाई’.

थोरलीला त्या हाकेचं कधी वाईट वाटलं नव्हतं. मशीन होतंच तिचं. कपाटाएवढं ते यंत्र रक्ताच्या किंवा पानाच्या रसाच्या थेंबातले हजारो बारीक पदार्थ वेगळे करायचं आणि एकेकाचं वजन सांगायचं. शरीर खाल्लेल्या अन्नाचं काय करतं, पाणी तुटलेलं रोप कसं तग धरतं, याच्या खुणा त्या पदार्थांत सापडतात. अठरा वर्षांत यंत्र नुसतं कुरकुरलं तरी कुठे अडलंय ते तिला कळायला लागलं होतं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, आणि दोन वर्षांनी त्याची बायको त्याच मजल्यावर संशोधक म्हणून रुजू झाली; तिच्या खोलीच्या दारावर नावाची पितळी पाटी लागली. जागा निघाल्याचं थोरलीनंच तिला सांगितलं होतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो असा.

सुरुवात घरातूनच झाली. सासूबाईंना साखरेचा आजार. त्यांचे तपासणीचे कागद वर्षानुवर्षं थोरलीच वाचून दाखवायची. एका संध्याकाळी तिनं सवयीनं हात पुढे केला, तर सासूबाईंनी कागद तिच्या हातावरून पलीकडे धाकटीकडे दिला.

“तू बघ गं जरा. तू डॉक्टर आहेस ना.”

“आई, मी पानाफुलांची डॉक्टर,” धाकटी हसली. पण कागद तिनं घेतला.

थोरलीनं तो हात तसाच पुढे नेऊन टेबलावरचं भांडं उचलल्यासारखं केलं. भांडं रिकामंच होतं. नंतर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, तू कशाला तिच्याशी बरोबरी करतेस?” त्याला समजूत घालायची होती. पडलं ते जखमेवर मीठ.

पुढच्या वर्षी धाकटीनं पानं बाजूला ठेवून माणसाच्या रक्तावरचं मोठं काम हाती घेतलं. मूत्रपिंडं निकामी होण्याच्या कितीतरी आधी रक्तात काही खूण दिसते का, ते शोधायचं. साठ रुग्णांचं रक्त इस्पितळातून आलं, साठ निरोगी माणसांचं संस्थेतल्याच लोकांनी दिलं. नळ्या थोरलीकडे यायच्या. ती त्या गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करायची, गोठवायची, मग यंत्राला लावायची. प्रत्येक नळीतलं रक्त कधी काढलं आणि कधी फिरवलं, ती वेळ ती आपल्या वहीत टिपायची. कुणी सांगितलं नव्हतं, हाताला वळण होतं.

निकालाच्या दिवशी सगळा विभाग पडद्यासमोर जमला. पडद्यावर एकशेवीस ठिपके. रुग्णांच्या लाल ठिपक्यांचा पुंजका डावीकडे, निरोगींच्या निळ्यांचा उजवीकडे, मधे मोकळी जागा. विभागप्रमुख उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. “एकतीस पदार्थ वेगळे निघालेत! एकतीस!”

थोरली मागे दाराशी उभी होती. तिनं यादी वाचली, मग पुन्हा वरपासून वाचली. रुग्णांच्या रक्तात साखर कमी, आंबटपणा आणणारं द्रव्य जास्त. हे आजाराचं नव्हतं. हे टेबलाचं होतं. इस्पितळाची गाडी सगळीकडे फिरून यायची, तोवर त्या नळ्या तिथल्या टेबलावर तीन तीन तास तशाच पडून असायच्या. रक्त नळीत गेलं म्हणून मरत नाही. त्यातल्या पेशी साखर खातच राहतात. निरोगी लोकांच्या नळ्या मात्र दहा मिनिटांत फिरवल्या गेल्या होत्या. यंत्रानं आजारी आणि निरोगी वेगळे केले नव्हते. शिळं आणि ताजं वेगळं केलं होतं.

आणि तेवढ्यात गर्दीतून धाकटी थेट तिच्याकडेच आली, डोळे चमकत होते. “ताई, तुम्हाला काय वाटतं?”

आता सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, “मशीनवाल्या बाईंना काय विचारता, पेढे मागा त्यांच्याकडून, घरचीच जाऊ!” आणि सगळे हसले.

“छान आहे,” थोरली म्हणाली. “फारच छान.”

पुढचे दोन महिने ती आतल्या आत जळत होती आणि त्या जळण्याची तिला ऊबही वाटत होती. छापू दे. नाव होऊ दे. मग कुणीतरी चूक काढेल आणि ही तोंडघशी पडेल, तेव्हा बघू तिची ती पितळी पाटी. घरी सासूबाई शेजारणीला सुनेचं कौतुक सांगायला लागल्या की ती चक्क मान डोलवायची.

एकदाच ती अडखळली. टोमॅटोची पानं गोठवायला आलेल्या विद्यार्थिनींना ती नेहमीचं शिकवत होती. “पान खुडलं की लगेच या थंडगार द्रवात टाकायचं. अर्धं मिनिट हातात धरलंत, तरी त्याच्या आतलं बदलायला लागतं. मग तुम्ही रोप नाही, तुमचा उशीर मोजता.” एक मुलगी ते वाक्य लिहून घेऊ लागली. थोरलीनं द्रवाच्या भांड्याचं झाकण आपटलं. “लिहायचं काय त्यात,” ती खेकसली.

मग धाकटीनं छापायला पाठवलेल्या लेखावर परीक्षकाचं पत्र आलं. एकच अडचण होती: रक्त काढल्यापासून फिरवेपर्यंत किती वेळ गेला, ते कळवावं. धाकटी पत्र घेऊन आनंदातच आली. “ताई, सुटले मी. तुमच्या वहीत वेळा असतीलच.”

वही खणात होती. हरवली म्हणता आलं असतं. सगळ्यांची वेळ अर्धा तास, असंही सांगता आलं असतं. पण त्या वहीत आजवर तिनं एक आकडा खोटा लिहिला नव्हता. तिनं खण उघडला आणि वही पुढे केली.

धाकटी उभ्यानं वाचू लागली. चौथ्या पानावर तिनं खुर्ची ओढली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“ठिपके दिसले त्या दिवसापासून.”

“मी विचारलं होतं तुम्हाला, ताई. सगळ्यांना सोडून तुम्हालाच विचारलं होतं.”

“जळले मी तुझ्यावर,” थोरली म्हणाली. खरं तेवढंच होतं.

धाकटीनं वही मिटली. “वेळा मीच आधी विचारायला हव्या होत्या. ती चूक माझी, ती मी निस्तरेन. पण तुमचं ते ‘छान आहे’ मला विसरता येणार नाही.”

तिनं लेख मागे घेतला आणि विभागप्रमुखांना चूक आपलीच म्हणून सांगितली. थोरलीचं नाव घेतलं नाही. घरात मात्र अकरा दिवस दोघींत शब्द नाही. मधल्या मधे सासूबाईंचं टपाल झालं. “तिला सांगा दूध उतू जातंय.” “तिला सांगा, दिसतंय मला.” शेवटी त्याच कंटाळल्या. “तुमचं काय बिनसलंय ते बिनसू दे, पण मला उठवत नाही सारखं!”

बाराव्या दिवशी थोरली धाकटीच्या खोलीत गेली, पितळी पाटीच्या आत. “रक्त पुन्हा घेऊ. फिरवायचं लहान यंत्र मी इस्पितळातच नेऊन बसते. एक नळी वीस मिनिटांवर जाऊ देणार नाही. आणि यंत्राला लावताना आजारी-निरोगी मिसळून लावीन, एकामागून एक गट नको.”

“चार महिने लागतील,” धाकटी म्हणाली. वर पाहिलं नाही.

“लागू देत.”

चार महिने ती वॉर्डाशेजारच्या बोळकांडीत, कपड्यांच्या कपाटाला टेकून बसली. नवे ठिपके आले तेव्हा लाल-निळे सगळे कालवून टाकल्यासारखे झाले होते. एकतीसपैकी एकोणतीस पदार्थ गळाले. दोन टिकले. ते दोन मात्र खरे होते; पुन्हा मोजले, तरी खरेच.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लेख लहानसा निघाला, फार मोठ्या ठिकाणी नाही. धाकटीनं छापलेली प्रत टेबलावर ठेवली. दुसरं नाव थोरलीचं होतं, पहिल्यांदाच छापील. तिनं ते दोनदा वाचलं. मग नजर त्याच्या आधीच्या नावावर गेली आणि छातीत तीच जुनी कळ उठली, तशीच्या तशी. म्हणजे गेलं नव्हतं तर. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि थोडं हसूही आलं.

“बरोबर आहे ना सगळं?” धाकटीनं विचारलं. आवाज अजून जपूनच होता.

“तिसऱ्या पानावर तक्त्यातला एक आकडा चुकलाय,” थोरली म्हणाली. “इकडे ये, दाखवते.”