पणजीचं जादा तिकीट

मागच्या वर्षी वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी मालवणहून वेंगुर्ल्याला दादाकडे आठ-दहा दिवस राहायला गेले. दादा जहाजावरची नोकरी संपवून तिथे स्थायिक झालाय. दर रविवारी सकाळी त्याच्याकडे गाणी ऐकायची बैठक भरते, हे मला ऐकून माहीत होतं. त्याच्या वयाचे चार-पाच जण जमतात, तरुणपणीच्या रॉकच्या एलपी एकेक करून लावतात. मला कधी बोलावणं आलं नव्हतं. मालवण काही शेजारी नाही, म्हणून नसेल बोलावलं, अशी मी माझी समजूत घातली होती.

खरं तर ही गाणी आमच्या घरात पहिल्यांदा मी ऐकली. बाबा बोटीवर होते. एका सुट्टीत त्यांनी टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेट आणल्या. दादा तेव्हा दिवसभर क्रिकेट खेळायचा. मी शाळेतून आले की पडवीत टेपला कान लावून बसायची. इंग्रजी शब्द कळायचे नाहीत. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायची, पुन्हा मागे न्यायची, आणि ऐकू येईल ते हिरव्या शाईने वहीत लिहायचं. शंभर पानी वही अशी भरली. बेस गिटार कुठली, लीड गिटार कुठली, हे मी दादाला टेपजवळ बसवून शिकवलं. तो पुढे पणजीला कॉलेजात गेला, तेव्हा जाताना मी वही त्याच्या बॅगेत ठेवली. तिथे मित्रांमध्ये उपयोगी पडेल म्हणून.

मी बारावीला असताना पणजीच्या मैदानावर एक मोठा कार्यक्रम होणार होता. कॅसेटवर ज्यांना ऐकलं, ती माणसं प्रत्यक्ष वाजवणार होती. दादाने पत्रात लिहिलं, दोन तिकिटं काढलीयत, तू ये. आईला मी म्हापशाच्या मावशीकडे जाते असं सांगितलं आणि पहाटेची एसटी पकडली. सावंतवाडीच्या स्टँडवर दादा मला न्यायला येणार होता.

आलाही. पण चेहरा पाडून आला.

"रद्द झालो गो कार्यक्रम," तो म्हणाला. "गाणाऱ्याचो घसो बसलो."

मला रडू आलं, पण त्याचं तोंड बघून मी ते गिळलं. त्यालाच किती वाईट वाटत असेल, असं वाटलं. मीच त्याला म्हटलं, "ऱ्हवांदे दादा, परत कधी तरी येतले ते." त्याने मला गरम भजी घेऊन दिली, मालवणच्या गाडीत बसवलं, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. पुढे कितीतरी वर्षं कुणी विचारलं की मी सांगायची, एकदा जाणार होतो आम्ही दोघं, पण कार्यक्रमच रद्द झाला.

तर वेंगुर्ल्याच्या त्या मुक्कामातल्या रविवारी वहिनीला औषध देऊन मी चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये गेले. रेकॉर्डची एक बाजू संपली होती आणि गप्पा रंगल्या होत्या. दादाचे पणजीच्या कॉलेजपासूनचे मित्र आणि आता शेजारी, चर्चमध्ये गिटार वाजवणारे एक निवृत्त मास्तर, पणजीच्या त्या कार्यक्रमाबद्दल सांगत होते. मध्येच वीज गेली, माइक बंद पडले, आणि गायक अंधारात नुसत्या आवाजावर गात राहिला, सगळं मैदान त्याच्यामागे गाऊ लागलं.

"माझ्याकडे खंय तिकीट होता!" मास्तर हसत म्हणाले. "ह्याच्याकडे एक जादा होता म्हणान मी आत गेलंय. येणारा माणूस येवक नाय, असा म्हणालो हो," त्यांनी दादाकडे बोट दाखवलं.

दादाही हसला. मी ट्रे टीपॉयवर ठेवला. कपांचा आवाज जरा जास्तच झाला असावा.

तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, ती वही दाखव. दादाने कपाटातून वही काढली. माझी वही. "कॉलेजात असताना कानांनी ऐकून लिहिलंय," तो सांगत होता. मग त्याने एक ओळ वाचून दाखवली, जिथे मला नदी ऐकू आली होती आणि खरा शब्द भलताच होता. सगळे पोट धरून हसले. "इंग्रजी कच्चा होता माझा," दादा म्हणाला. माझी चूकसुद्धा त्याने स्वतःच्या नावावर घेतली होती.

"दादा, ता तिकीट माझा होता," मी म्हटलं.

त्याने वळून पाहिलं. "तुका कित्याक व्हया होता तिकीट? तुका खंय ह्यातला काय कळत होता!"

"मग वहीतला अक्षर कोणाचा ता सांग."

मास्तरांनी चष्मा लावून वही हातात घेतली, पान उलटलं, आणि ती माझ्यासमोर ठेवली. दादा हळूच म्हणाला, "जावंदे गो. लोकांसमोर काय ह्या?"

लोक गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. सावंतवाडीला मला काय सांगितलंस, एवढंच विचारलं.

"माका काय आठवना नाय," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "सगळे मित्र होते तेव्हा. दोन वेण्यांची भैण घेवन खंय जातलंय? तसाच काय तरी झाला असतला."

तो खोटं बोलला, हे मी एखाद वेळेस सोडलंही असतं. अठरा-एकोणीस वर्षांचा होता. पण ज्या स्टँडवर मी त्याची समजूत काढली, तो स्टँडच त्याच्या लेखी उरला नव्हता. आणि पडवीतली मीही नव्हते.

वहिनीचे टाके निघेपर्यंत मी राहिले. दोन्ही वेळचं रांधलं, दादाला वाढलं, लागेल तेवढंच बोलले. निघताना वही पिशवीत घातली. "ठेव गो ती, माझी आठवण आसा," तो म्हणाला. मी ऐकलं नाही.

चतुर्थीला आम्ही एकत्र आलो, आरतीला शेजारी उभे राहिलो. आता तो फोनवर रविवारचं आमंत्रण देतो. मी गुडघे दुखतात म्हणते.

गेल्या महिन्यात मास्तरांचा फोन आला. "बाय, माका खराच म्हायत नव्हता," ते म्हणाले. मग म्हणाले, हवं तर तो सगळा कार्यक्रम मी तुला सांगतो, मला क्रमाने आठवतोय. मी खुर्ची ओढून बसले. पहिलं गाणं कुठलं, ड्रमवाल्याने शर्ट कुठल्या रंगाचा घातला होता, सगळं ते मन लावून सांगत होते. मीही ऐकत होते. वीज जायची वेळ आली तेव्हा मात्र मला त्या अंधारात दादाच माझ्या वहीतले शब्द गाताना दिसायला लागला. कुकर लावलाय, असं सांगून मी फोन ठेवला.