गिटारीच्या पोटातलं अक्षर

जळगावात माझ्या बांगड्यांच्या दुकानासमोर एक कारागीर बाजाच्या पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करायचा. कॅसेटी आल्यापासून त्याचं काम घटलं होतं. बोलायचा कमी. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायचा, "सांध्यातला सरस वाळू दे, भाऊ." स्वतः घडवलेल्या वाद्यात मात्र, तंबोरा असो की गिटार, तो आतल्या बाजूला पेन्सिलीने 'श्री' लिहायचा.

एकदा धुळ्याच्या दलालाने त्याच्याकडे एक जुनी गिटार दुरुस्तीला आणली. परदेशातल्या कुण्या नामांकित रॉकवाल्याची आहे म्हणे, आणि मुंबईचा एक शौकीन ती घ्यायला येणार होता. कारागिराने गिटारीच्या आत आरसा धरला आणि मला हाक मारली, "अक्का, ही तं मीच करेल शे!" आत त्याच्याच हातचा 'श्री' होता.

दलाल त्याच्या कानाशी लागला, "गप राहा. ते अक्षर पुसून टाक, तुझ्या दुकानावर नवे पत्रे टाकून देतो." त्याचं छप्पर गळतं हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शौकीन आला. गिटार वाजवून त्याने डोळे मिटले. "असा आवाज फक्त तिकडच्याच लाकडाला येतो," तो म्हणाला.

"आपल्या इथल्या सावद्याच्या जुन्या दाराचं सागवान आहे, साहेब," असं म्हणून कारागिराने आरसा त्याच्या हातात दिला.

सौदा मोडला. दलाल शिव्या देत गेला. मी विचारलं, "पुसलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"हात आत जात नाही, अक्का."

खोटं बोलला. तारेला फडकं बांधून तो वाद्यांच्या आतली धूळ रोज काढायचा, ते मी समोर बसून बघत होते.