दोन वाजता, कड्यावर

मार्चमधला दुसरा शनिवार. हजर: पुढच्या सीटवर ताई, मागे मी आणि माझा नवरा, गाडी चालवायला गढवाली ड्रायव्हर. सामान: थर्मास, पुऱ्या, उलटीच्या गोळ्या, एक दुर्बीण.

"बोट दाखवायचं नाही," कोटद्वार सोडताच ताईंनी बजावलं. "घड्याळ सांगायचं."

दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात ताई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या अचलपूरच्या, एका मंत्रालयात नोकरी, एकट्या. दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या आठ-दहा जणांना त्या हिंदूरावच्या रिजवर, तिथल्या टेकडीवरच्या जंगलात, पक्षी बघायला न्यायच्या. बोट केलं की पक्षी उडतो, म्हणून त्यांचा नियम: समोरची दिशा बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. मग हळूच, "दहा वाजता, कडुनिंबावर, धनेश." एका सेक्शन ऑफिसरांनी पहिल्याच दिवशी मनगटाकडे पाहून सांगितलं, "ताई, अजून सातच वाजलेत." तेव्हापासून ते 'सातवाले साहेब'.

अशी माणसं तुमच्याही कॉलनीत असतील. ती असतात तोवर आपल्याला झाडं दिसतात.

मग ताईंना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. उरलेलीही निसटत होती. जिन्यात ताई पायाने पायरी शोधायच्या.

"डोंगरातलं जनावर एकदा बघून घेऊ दे, बाप्पा. मग काय व्हायचं ते होवो," त्या म्हणाल्या. मी सुट्टी टाकली, गाडी ठरवली, निघालो.

लॅन्सडाउनच्या रस्त्यावर बुरांशाची झाडं लाल फुलली होती. ड्रायव्हरने गाडी हळू केली. "घोरल! जंगली बकरी!"

"दोन वाजता, कड्यावर," नवरा कुजबुजला.

ताईंनी दुर्बीण नेमकी दोनवर नेली. बराच वेळ बघत राहिल्या. "दिसलं! पिल्लूपण आहे गं बाजूला."

"हो ना, किती गोड," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

ड्रायव्हर सरळ माणूस. "मैडम, बच्चा कहाँ? अकेला था. वो तो कब का निकल गया. अब सिर्फ पत्थर है."

ताईंनी दुर्बीण उतरवली, केसमध्ये ठेवली, बटण लावलं.

"तुम्ही कधीपासून असं हो म्हणताय?"

"म्हणजे?"

"हिवाळाभर रिजवर मी एवढं दाखवत होते. तिथं होतं का काही?"

नवरा बाहेर बघू लागला. मी थर्मासचं झाकण फिरवलं. "ताई, चहा घ्या."

"म्हणजे नव्हतं." त्या म्हणाल्या, "सातवाले साहेबपण हो म्हणायचे. बिचारे."

चहा त्यांनी घेतला नाही.

सूर्य कलला तेव्हा एका वळणावर ड्रायव्हरने ब्रेक लावला, इंजिन बंद केलं. रस्त्याच्या मधोमध बिबट्या. इतका जवळ, की मिशा दिसत होत्या.

"गाडी काहून थांबली?"

मी पुढे वाकून म्हटलं, "बारा वाजता, ताई."

"नको. आता मला काही दाखवू नका."

त्यांनी डोळे मिटून घेतले. बिबट्याने आमच्याकडे पाहिलं, जांभई दिली, शेपटी उचलून दरीकडे उतरला. आम्ही तिघं त्याला बघत होतो. ताईंचे हात मांडीवर उपडे पडले होते.

उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. क्वार्टर रिकामं करून द्यायला भाऊ आला. टॅक्सीत बसताना ताईंनी माझं मनगट धरलं. "अगं, त्या दिवशी समोर काय होतं, ते एकदा सांग मला. आत्ता नको. फोनवर, मी एकटी असताना."

त्यानंतर रविवारी आम्ही दोनदा रिजवर गेलो. कुणी कुणाला काही दाखवलं नाही. तिसऱ्या रविवारी कुणी आलंच नाही.

मी फोन करते. भाऊच उचलतो. "भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. फोन कानाशी धरला तरी बोलत नाही." मी म्हणते, बरं, पुन्हा करते.

या आठवड्याची कामं: गॅस बुक झाला, वीजबिल भरलं, नवऱ्याची बीपीची औषधं आणली. ताईंना बिबट्या सांगायचा राहिलाय.