ओ न देणारी मुलगी

वत्सलाबाई पगारे म्हणजे सिन्नरकडच्या त्या खेड्यातल्या शाळेची नुसती तोफ! हजेरीला नाव पुकारलं की पोरानं ओ द्यायचीच. नाही दिली, तर नाकासमोर बसलेलं असलं तरी गैरहजर. दुसरीतली मीना कधीच ओ द्यायची नाही. बाईंना वाटलं, कार्टी हट्टी आहे. वर्षभर तिला गैरहजर मांडली आणि शेवटी पटावरून नावच काढलं. तिची आई भागीबाई हातापाया पडली, पण ऐकतील त्या बाई कसल्या! ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट.

चौदा वर्षांनी, सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी समावेशक शिक्षणाची, म्हणजे अपंग मुलांना सगळ्यांसोबत शिकवण्याची, पदव्युत्तर पदविका करायला घेतली. "या वयात कसली हौस!" म्हणून घरचे हसले. दर रविवारी नाशिकच्या पंचवटीतल्या घरून रिक्षानं द्वारका चौकाजवळच्या वर्गाला जायचं. एकदा तिथल्या मॅडमनी सगळ्या शिक्षकांच्या कानांत कापसाचे बोळे घालायला लावले आणि पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नावं पुकारली. शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा बाईंना कळलं, आपलं नाव तीनदा घेऊन झालंय. सगळा वर्ग हसला.

बाईंनी मात्र कानांतले बोळे उपसून काढले. "अगं बाई गं... मीना!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई भागीबाईच्या घराकडे निघाल्या. मीना आपलं तोंड तरी पाहील का, एवढाच घोर जिवाला होता.

भागीबाई ओट्यावर कांदे निवडत होती. बाईंनी मीनाच्या कानांचं विचारलं. "लय उशीर केला बाई तुमी," ती म्हणाली. "तिला ऐकू येत नाय, हे आमालाबी मागून कळलं. आता लगीन झालं तिचं. आलीय माहेराला."

दीड वर्षांची लेक कडेवर घेऊन मीना बाहेर आली. बाई तिच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "माझं चुकलं, मीना." आणि भर अंगणात त्यांना रडू फुटलं. एवढ्या करारी बाई, पण पदर काही डोळ्यांवरून हलेना.

आता मीना पाठ फिरवणार, असं बाईंना वाटलं. फिरवली असती तरी तिचं काय चुकलं असतं?

मीनानं लेकीला खाली उभं केलं. तिच्या मागं जाऊन जोरात टाळी वाजवली. पोर वळली नाही. पुन्हा वाजवली, तरी नाही. भागीबाईच्या हातातला कांदा हातातच राहिला. नातीचं तिला ठाऊकच नव्हतं.

मग मीनानं लेक उचलली आणि वत्सलाबाईंच्या कडेवर दिली.