मनोजशेठची एकचाकी आणि ते क्लिपचे बूट

माझे मिस्टर सायकलवरून पडून गेलेले नाहीत.

आज वर्ष झालं, तरी अमळनेरच्या बाजारात कोणी ना कोणी थांबवून विचारतंच. "वहिनी, त्या एकचाकीवरूनच ना?"

नाही. दुकानात गेले. भर दुपारी, गादीवर बसून, गिऱ्हाइकाला ब्लाउज पीस दाखवता दाखवता.

ज्यांनी मनोजशेठना फक्त कापडवाले म्हणून पाहिलं, त्यांच्यासाठी सांगते. हे एका चाकाची सायकल चालवायचे. हँडल नाही, ब्रेक नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायांना सुट्टी नाही.

आणि यांच्या हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोजच्या.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, "काहीही करा, पण डोक्यावर पडू नका. आत रक्तस्राव झाला तर आवरणार नाही."

घरी येऊन हे मला म्हणतात, "ऐकलंस ना? काहीही करा म्हणाले."

असा माणूस.

साध्या पायडलवरून पाय सटकला की त्याचे खिळे नडगी सोलायचे. यांचं रक्त थांबायचं नाव घ्यायचं नाही, टॉवेल भिजायचा. म्हणून यांनी क्लिपचे बूट मागवले. तळाची पट्टी पायडलमध्ये टक्क करून अडकते, टाच बाहेर वळवली की सुटते. याला म्हणे क्लिपलेस म्हणतात, म्हणजे बिनक्लिपचे. आणि पाय तर पक्का बांधलेला.

दोन चाकांवर ठीक आहे हो. एका चाकावर तोल गेला की माणूस पुढे उडी मारून उतरतो. पाय अडकलेले असले की थेट तोंडावर.

म्हणजे नडगी वाचवायला डोकं पणाला. मी भांडले. अबोला धरला. शेवटी तह झाला: मी स्कूटीवरून पुढे जायचं, थांबायच्या जागी उभं राहायचं. यांनी येऊन माझा खांदा धरायचा आणि मग टाचा सोडवायच्या.

चेकअपची तारीख आली. हे म्हणाले, "डॉक्टरांना दाखवायचंच आहे ना? मग हेच दाखवू." अमळनेरहून धुळ्याला, एका चाकावर.

अर्ध्या वाटेपर्यंत मी आरशात यांना बघत बघतच गाडी चालवली. एका जागी रस्ता खोदलेला होता. तिथे हे उतरून चिखलातून चालत गेले, पुढे माझ्या खांद्यावर हात ठेवून परत चढले. बुटाखाली काळी माती गच्च बसलीय, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या गावाशी पोचतो तर रस्त्यात माणसंच माणसं. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकलं होतं. आता आपल्याकडे कुणी काही वेगळं करत गावातून जातंय म्हटल्यावर त्याला हार, शाल, नारळ दिल्याशिवाय सोडतात का?

दुकानाचे जुने गिऱ्हाईक, एक आबा, हार घेऊन बरोबर मधोमध उभे.

"शेठ, उतरा. बठ्ठा गाव उभा शे." खरंच, सगळा गाव उभा होता.

मी स्कूटी कशीबशी लावली. मध्ये गर्दी. यांना पुढे जाता येईना, मागे वळता येईना, उतरताही येईना. हे जागच्या जागी चाक मागेपुढे झुलवायला लागले. लोकांना वाटलं, खेळ दाखवताहेत. टाळ्या.

आबांनी हार घातला. यांच्या हातात नारळ दिला. नारळ हातात आल्याबरोबर हे एका अंगाला कलले.

आणि आबा भाषण करायला लागले.

मागून एक जण पुढे सरसावला. "थांबा शेठ, मी धरस." लहान मुलाची सायकल धरतात तशी सीट धरायला निघाला. चाक अडलं असतं तर हे पुढच्या पुढे डांबरावर गेले असते.

"हात लावू नका!" मी एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते.

"घाबरू नका वहिनी, काही व्हत नही," तो म्हणाला.

मी कोपरं मारत आत घुसले. यांनी नारळ टाकला, माझा खांदा धरला. डावी टाच वळवली. सुटली. उजवी वळवली. सुटेना. पुन्हा वळवली. यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, आता हे पडणार.

मी दोन्ही हातांनी यांचं डोकं छातीशी धरलं. आम्ही दोघं पडलो. मी खाली.

माझं मनगट मोडलं. यांना खरचटलंसुद्धा नाही. मी पडल्या पडल्या दुसऱ्या हाताने यांचे केस चाचपत होते, कुठे ओलं लागतंय का बघत.

सत्काराची शाल आबांनी माझ्या गळ्यात बांधून हाताला झोळी केली आणि जीपमधून आम्हाला धुळ्याला पोचवलं.

डॉक्टर म्हणाले, "पेशंट कोण?"

प्लास्टर होईपर्यंत हे रडत होते. म्हणाले, "विकून टाकतो सायकल."

मी म्हटलं, "बूट विका. सायकल राहू द्या."

पुढे रोज सकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर हे नडगीला क्रिकेटचे पॅड बांधून ती चालवायचे. लोक हसायचे. मी कडेला हेल्मेटचा पट्टा ओढून ओढून तपासायची आणि मग यांची फेरी पूर्ण होईपर्यंत श्वास धरून बसायची.

काही जवळचे म्हणतात, तेव्हाच बंद केलं असतंस तर आज असते. मी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, "नाही. त्या झडपेचं तसंच होणार होतं."

म्हणजे मी रस्त्यावर राखण करत राहिले आणि मरण दुकानात, सावलीत आलं.

वर्ष झालं, सकाळी मला श्वास धरून बसावं लागत नाही. आता कशाचीच भीती वाटत नाही.

वाटायची तेव्हा बरं होतं हो.

अहो, तुम्हाला माझा नमस्कार. घरातल्या सगळ्यांचाही.