सावरीखाली शैलाताई

मोखाड्याला शैलाताईंची भाड्याची खोली रिकामी करायला गेले होते, तेव्हाच फोन आला. भांडी पोत्यात भरून झाली होती, भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं काढायचं राहिलं होतं. पलीकडून आमचे हे एवढंच म्हणाले, "मंदा, ये गं आता." फोन मात्र ठेवला नाही... सकाळी घरून निघताना मी त्यांच्या खाटेशी वाकून विचारलं होतं, "ताई, जाऊन येऊ ना?" तर पापण्या मिटलेल्या ठेवूनच त्या "ये" म्हणाल्या होत्या. मोखाडा ते जव्हार हा नेहमीचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना.

शैलाताई माझ्या मोठ्या नणंद. मोखाड्याला शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही. शनिवारी दुपारच्या एसटीने जव्हारला आमच्याकडे यायच्या, सोमवारी पहाटे परत. 'वन्सं' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. म्हणायच्या, "वन्सं म्हटलंस की मला उगाच तुझ्याशी भांडावंसं वाटतं." मी नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा इथे मन रमेना. फाल्गुन लागला तसं एका रविवारी ताईंनी मला गावातल्या जुन्या बागेत नेलं. बाग संस्थानच्या वेळची. कारंजं कधीच आटलेलं, दगडी बाक मात्र शाबूत, आणि भिंतीलगत काटेसावरीची झाडं... अंगावर पान नाही, नुसती लालभडक फुलं. सावरीचं फूल पाकळी पाकळी होऊन गळत नाही, अख्खं पडतं, टप्पकन आवाज येतो. पहिलं पडलं तेव्हा मी दचकले आणि ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तेव्हापासून दर वर्षी फुलं आली की आम्ही दोघी जायचो. बरोबर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. यांना कधी नेलं नाही. हेही कधी येतो म्हणाले नाहीत.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. मला दाखवली नाही. घरात सगळे मला सांभाळत होते, म्हणजे तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. डोळे भरून आले की सासूबाई लगेच म्हणायच्या, "रडू नकोस गं, तब्येत बिघडेल. होईल पुन्हा." त्यांनाही दुसरं काय सुचणार होतं... त्या शनिवारी ताई आल्या, दाराशी पिशवी ठेवली आणि पाणीही न पिता म्हणाल्या, "मंदा, चप्पल घाल." सासूबाई आडव्या आल्या. "अगं, ओली बाळंतीण ती! कुठे नेतेस वाऱ्यात?"

"बाळंतीण म्हणतेस ना आई? मग तिला तिच्या बाळासाठी रडू तरी दे."

आईला त्या असं कधीच बोलल्या नव्हत्या. बागेत मला सावरीखालच्या बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "इथे रड. मी आहे." पाठीवरून हात नाही, समजूत नाही. फिरायला आलेली माणसं थबकून बघायला लागली की त्या त्यांच्याकडे अशा काही बघायच्या, की माणसं मान खाली घालून पुढे सरकायची. मी दिवेलागणीपर्यंत रडले. परत येताना फाटकाशी त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?" मी सांगितलं. त्यांनी ते एकदा मोठ्याने उच्चारलं, बस्स. पुढे मुलगा झाला, मोठा झाला, पण ते नाव आम्हा दोघींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आता ते मला एकटीलाच ठाऊक आहे.

यंदा माघात ताईंचं पोट दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणून त्यांनी अंगावर काढलं. नाशिकच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून यांना बाजूला बोलावलं, तर ताईच म्हणाल्या, "मला सांगा. दुखतंय मला." ऑपरेशनची वेळ गेली आहे, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना गाडी जव्हारात शिरल्यावर ताई यांना म्हणाल्या, "घरी माणसं जमली असतील. आम्हाला आधी बागेशी सोड." आम्हाला फाटकाशी सोडून हे घरी गेले.

बागेत एक बाई खराट्याने फुलं लोटत होती. ताई तिला म्हणाल्या, "एवढ्यात नका ना झाडू." तिने ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बसा बाई. मी तिकडलं झाडते," म्हणाली आणि पार दुसऱ्या टोकाला निघून गेली. आम्ही बसलो. वरून फुलं पडत होती... मग ताई म्हणाल्या, "मंदा, मला अजून जायचं नाहीये गं." आणि त्यांना रडू फुटलं. अख्खा वर्ग गप्प करणारा तो आवाज लहान मुलीसारखा चिरकला. "इतक्या जवळ राहून दाभोशाचा धबधबा भर पावसात एकदा पाहिला नाही मी. रिटायर झाल्यावर बघू, रिटायर झाल्यावर बघू..." मी 'बऱ्या व्हाल' म्हटलं नाही. त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलंच नसतं. नुसती शेजारी बसून राहिले.

वैशाख लागता लागता त्या गेल्या.

शेवटच्या दिवसांत त्यांना पुढच्या खोलीत लोखंडी खाट घालून दिली होती. तेराव्यानंतर मी ती आवरायला घेतली, तर यांनी हात लावू दिला नाही. दुपारी जेवायला घरी आले की हे तिच्यावरच आडवे होतात. खाट आखूड, यांचे पाय बाहेर येतात, म्हणून गुडघे पोटाशी घेऊन पडतात. परवा वाटलं डोळा लागला, म्हणून चादर घालायला गेले. डोळे उघडेच होते. छताकडे बघत म्हणाले, "केवढा खडखडतो गं हा पंखा. आणि ताई एका शब्दाने बोलली नाही."

"उद्या वायरमनला बोलावते," मी म्हटलं.

"नको," हे भिंतीकडे कूस वळवत म्हणाले. "खडखडू दे."