कडावच्या खळ्यावर जडत्वाचा नियम

आधी ते कप खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा वहिनींना ठसका लागला होता आणि चहा माझ्याच साडीवर आला होता. आता काय सांगू तुम्हाला, माणूस घाबरून चुकतो, घाईत चुकतो. मी चुकले ती ठामपणे, दिवसाढवळ्या, हातात भोंगा घेऊन!

तेव्हा मी मुंबईतल्या एका विज्ञान संग्रहालयात नोकरीला होते. घरोघरी टीव्ही यायचे होते अजून. हुद्दा विचाराल तर साहाय्यक निवेदिका. काम विचाराल तर काचा पुसणं आणि 'हात लावू नका' म्हणून ओरडणं. इतकं ओरडायचे, की घरी पाहुण्यांनी लाडवाला हात घातला तरी तोंडातून तेच निघायचं.

अशात संग्रहालयाने फिरतं प्रदर्शन काढायचं ठरवलं. एक मोठी निळी गाडी, तिच्यात विज्ञानाचे नमुने, आणि गावोगाव जाऊन लोकांना समजावून सांगणारा एक निवेदक. जागा एकच! आणि आमच्या पुरुषमंडळींचं ठाम मत, की हे मुलीचं काम नाही. "एखादा आडदांड माणूस समोर आला की सुनंदा रडत परत येईल," असं आमच्यातला विलास सगळ्यांसमोर म्हणाला.

बस! त्या क्षणी मी ठरवलं. ती गाडी माझी. समोर आडदांड माणूस येऊ दे नाहीतर गेंडा येऊ दे, मी हलणार नाही.

निवड करण्याआधी आम्हा सगळ्यांचं प्रशिक्षण शिबिर ठेवलं होतं, कर्जतजवळ कडावला. दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे गावची शाळा मोकळी मिळाली. शिकवायला कर्णिक सर म्हणून बाहेरचे गृहस्थ आले होते. टक्कल, जाड भिंगांचा चष्मा, पोट थोडं पुढे, आणि आवाज असा खणखणीत, की वर्गातल्या खिडक्या हलाव्यात. लोकांशी कसं बोलावं, अवघड गोष्ट सोपी कशी करावी, हे ते फार सुंदर शिकवत.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या फाटकावर पाटी लागली, 'उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन', आणि सरांनी आम्हाला समोर बसवलं.

"उद्या प्रदर्शन गावासाठी खुलं," सर म्हणाले. "आणि उद्याच तुमची परीक्षा. गर्दीत माझा एक माणूस असेल. तो कोण, हे मी सांगणार नाही. तो तुम्हाला प्रश्न विचारेल आणि संध्याकाळी मला येऊन सांगेल. एक लक्षात ठेवा, प्रेक्षकावर चिडायचं नाही. आणि प्रेक्षकाला 'नाही' म्हणायचं नाही!"

बाहेर पडताना विलासने मला बाजूला घेतलं. "माणूसबिणूस काही नाही गं. सर स्वतःच येतात वेषांतर करून. नाटकात कामं करतात ते! मागच्या शिबिरात म्हणे कोळी बनून आले होते, कुणाला पत्ता लागला नाही."

आता हे विलासने कुठे ऐकलं, खरं की खोटं, काही विचारायचं की नाही मी? नाही विचारलं! उलट मनात म्हटलं, या सर, या. मी ओळखते की नाही बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं टेबल शाळेच्या बाहेर, निळ्या गाडीशेजारी मांडलं. गाडी उभी होती शाळेला लागून असलेल्या एका खळ्यावर. शेणाने सारवलेली, गुळगुळीत, ऐसपैस जागा. सरांना वाटलं शाळेचंच मैदान आहे. ड्रायव्हरने गाडी लावली, एका चाकाखाली दगड टाकला आणि तो वडे खायला कर्जतला निघून गेला.

माझा विषय होता जडत्व. म्हणजे काय, तर थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चालणारी चालतच राहते, जोवर बाहेरून कुणी बळ लावत नाही. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं. पुठ्ठ्याला टिचकी मारली की पुठ्ठा उडतो आणि नाणं सरळ पेल्यात! हातात भोंगा घेऊन मी हे सांगत होते, आणि डोळ्यांनी सरांना शोधत होते. सर सकाळपासून कुठेच दिसले नव्हते. म्हणजे नक्की रंगरंगोटी चालली असणार!

आणि मग तो आला.

उंची सरांएवढी. पोट सरांएवढं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, म्हणजे टक्कल झाकलेलं. चष्मा नाही, पण तो काय, काढून ठेवता येतो. आणि नाकाखाली ही एवढी मोठी मिशी! उजवीकडचं टोक जरासं सुटल्यासारखं. मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. सर, डिंक कमी पडला!

"बाय, ही गाडी कोनाची?" त्याने विचारलं. आवाज सरांसारखाच खणखणीत, फक्त बोली बदललेली.

"तुमचीच समजा काका!" मी गोड हसून म्हटलं.

"माजी कशी? खळं माजं हाय. मी दोन दिस पोशीरला मेव्हन्याकडं गेलतो, आन् इकडं ह्यो डबा कोनी लावला? माजं भात येतंय आता खळ्यावर. गाडी काडा."

बघा काय अभिनय! कपाळावरची शीरसुद्धा फुगवली होती. म्हटलं हाच तो आडदांड प्रेक्षक. विलास, बघ आता!

"काका, गाडी काढायची म्हणता, पण गाडी हलत का नाही, हे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"डायवर नाय म्हनून."

"छे छे! थांबलेली वस्तू थांबूनच राहते. बाहेरून बळ लावल्याशिवाय ती हलत नाही!"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "बळ लावू मंग?"

"अवश्य लावा काका!"

तुम्हीच सांगा, एवढं सुंदर उत्तर कुणी दिलं असतं? तो तरातरा निघून गेला. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातले, खांद्याला झोळी लावलेले एक सभ्य गृहस्थ टेबलापाशी आले. "ताई, नाणं पुठ्ठ्याबरोबर का जात नाही हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांबा हो जरा!" मी त्यांना हातानेच बाजूला केलं. "इथे महत्त्वाचं काम चाललंय, दिसत नाही का?"

कारण समोरून सर आठ-दहा गडी घेऊन येत होते! पाठोपाठ एक बाई, डोक्यावर भाताचा भारा, कमरेला खोचलेला पदर. आणि तिच्यामागे कापणी सोडून आलेलं सगळं शिवार. मी थक्क झाले. एका परीक्षेसाठी सरांनी एवढी नाटक मंडळी जमवली?

मी भोंगा तोंडाला लावला. "या, या मंडळी! आता हे काका तुम्हाला बळाचा प्रयोग करून दाखवणार आहेत!"

गड्यांनी गाडीला मागून खांदे लावले. "लावा रं!" गाडी ढिम्म.

"बघा!" मी ओरडले. "बळ कमी पडलं!"

मिशीवाल्याने घाम पुसला. "बाय, आत दांडी वढलेली असंल. ती सोड."

दांडी म्हणजे हँडब्रेक! हँडब्रेक सोडायचा म्हणजे जरा जास्तच. पण प्रेक्षकाला 'नाही' म्हणायचं नाही! सरांनी स्वतः सांगितलं आणि आता सर स्वतःच मागताहेत. मी पदर खोचला, ड्रायव्हरच्या जागेवर चढले आणि दोन्ही हातांनी ती दांडी खाली केली. त्याच वेळी मिशीवाल्याने चाकाखालचा दगड काढला.

"लावा रं!"

आणि गाडी हलली. नुसती हलली नाही हो, निघाली! खळ्यापासून खाली शेताकडे उतार होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी आत, भोंगा मांडीवर, समोर कापलेलं शेत जवळ जवळ येतंय! दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. मी भोंगा उचलला.

"मंडळी, पाहा! चालती वस्तू आता चालतच राहणार! जोवर बाहेरचं बळ तिला थांबवत नाही!"

बाहेरचं बळ म्हणजे शेताचा बांध. धाडकन गाडी त्याला जाऊन टेकली, पुढची चाकं मऊ चिखलात रुतली, मागचं दार उघडलं आणि आतून आमचा भलामोठा पृथ्वीगोल बाहेर पडला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं आम्ही शिबिरभर घोकलं होतं. ती खरंच स्वतःभोवती फिरत, बदकांना उधळत, खाचरात जाऊन बसली.

लोक टाळ्या वाजवत होते! मी उतरले, वाकून नमस्कार केला. मिशीवाला धापा टाकत धावत आला. "बाय, लागलं बिगलं नाय ना गं?"

काय ती काळजी, काय तो कापरा आवाज! मला भरून आलं. म्हटलं, पुरे झालं आता. माणसाने किती वेळ सोंग घ्यावं?

"सर," मी म्हटलं, "मी केव्हाच ओळखलं तुम्हाला!" आणि ते सुटलेलं टोक चिमटीत धरून मिशी खस्सकन ओढली.

"आयायायायाय!"

मिशी आली नाही. मिशीबरोबर अख्खा माणूस पुढे आला! मी म्हटलं, डिंक कमी नाही, जास्तच झालाय. म्हणून मी दुसरा हातही लावणार, तोच मागून खणखणीत आवाज आला.

"सुनंदा! काय करतेस?"

मी वळून पाहिलं. बांधावर शाळेतून धावत आलेले कर्णिक सर उभे. टक्कल जागेवर, चष्मा जागेवर. शेजारी ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थ, झोळीसकट.

मिशी अजून माझ्या चिमटीत होती. सोडावी की धरून ठेवावी, तेही सुचेना!

ज्यांची मिशी होती ते बाळाराम पाटील, खळ्याचे मालक. मघाशी भारा घेऊन आलेली ती त्यांची बायको. आणि सरांचा माणूस म्हणजे ते सभ्य गृहस्थ, ज्यांना मी हाताने बाजूला सारलं होतं. हे सगळं मला एका दमात कळलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

पाटील मिशी चोळत होते. आणि मग पाटलीणबाई पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. "अगं बाय माजे," त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून जे माज्या मनात व्हतं ते तू केलंस!"

सगळं शिवार हसलं. पाटलांचाही ओठ हलला. पण सरांचा नाही. "सामान आवरा," ते म्हणाले. "आपण परत जातोय."

परत? म्हणजे विलासचं खरं झालं? डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रडत परत जायचं नाही, हे ठरलेलं होतं ना!

"सर," मी म्हटलं, "गाडी रुतलीये. ती निघेपर्यंत आपण कुठेच जात नाही. आणि सगळा गाव इथेच जमलाय. प्रदर्शन इथेच करू, शेतात." मग पाटलांकडे वळले. "काका, चूक माझी. तुमचं खळं अडवलं, तुमची मिशी ओढली. आधी मी भात झोडायला लागते, मग बोलते."

पाटलांनी एक भारा माझ्यापुढे टाकला. "झोडता येतंय?"

"नाही."

"मंग ये."

पहिला भारा मी ओंडक्यावर मारायला गेले तो माझ्याच पायावर मारला. पाटलीणबाईंनी हात धरून शिकवलं. आणि झोडता झोडता माझी ट्यूब पेटली. भोंगा मागवला! "मंडळी, भारा ओंडक्यावर आपटला की काड्या थांबतात, पण दाणा चालू असतो, म्हणून तो सुटून पुढे पडतो. हेच जडत्व!" लोक माना डोलवत होते. मी झोडत होते, बोलत होते, पुन्हा झोडत होते. विलासने पृथ्वी धुऊन आणली. बाकीची मंडळीही आपापले नमुने घेऊन शेतात उतरली. दुपार कलली तेव्हा पाटलांनी आपले बैल जोडून गाडी बाहेर काढून दिली. माझ्या हाताला फोड, केसांत पेंढा, आवाज पार बसलेला. पण गर्दी हलली नव्हती!

सरांनी तिथेच सगळ्यांना एकत्र केलं. "माझ्या माणसाने सुनंदाला शून्य दिलंय," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "पण एवढं सगळं होऊनही जी पोरगी प्रेक्षकांना सोडून जात नाही, तिलाच मी गाडीवर पाठवणार. जागा तिची."

काय सांगू तुम्हाला! छाती अशी फुगली माझी. विलासकडे मी मुद्दाम बघितलंसुद्धा. आणि त्या भरात मीच म्हटलं, "सर, प्रेक्षकांचंही मत घ्या ना. पाटील काकांना विचारा, आज काय काय कळलं."

सर पाटलांकडे वळले. "कसं वाटलं प्रदर्शन?"

"येक नंबर!" पाटील म्हणाले. "अवो, बाय काम लय इनोदी करते. गाडीत बसून भोंग्यात बोलत खाली गेली ना, आमी पोट धरून हसलो! आन् आपल्याच पायावर भारा मारला, ती नक्कल तर झकासच. आमच्या मेव्हन्याच्या पोशीरला जत्रा हाय, तिथं लावा ह्यो खेळ."

"आणि विज्ञान?" सरांनी विचारलं. "विज्ञान कसं वाटलं?"

पाटलांनी शाळेच्या फाटकाकडे बोट केलं.

"विज्ञान व्हय? त्ये उद्या शाळेत ठेवलंय ना? पाटीवर लिवलंय. पोरांना धाडतो की मी."